ढगळ गळ्याचं चाक

टेलरकाकूंनी गळ्यातली टेप काढली आणि जॅकवर उचललेल्या गाडीसमोर उकिडवं बसून ती उघड्या हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी गोल उंचवट्यावर, आडवी धरली.

“काकू, गाडीला कोट शिवताय की काय?” रिमवाल्याने विचारलं.

“माप घेतल्याशिवाय मी कापडाला हात लावत नाही. तुम्ही लावता?”

“आमच्याकडे मापं कंपनीच घेऊन ठेवते. चार नट, चार भोकं. भोकं जुळली की रिम बसली. सोपा धंदा आहे.”

रिमवाला अंगाने इतका भरलेला होता की स्वतःच्याच दुकानात त्याला तिरकं होऊन चालावं लागे. जमिनीपासून छतापर्यंत रिम्स टांगलेल्या. काही आरशासारख्या चकचकीत, काही काळ्या मिचकूट. एखादीला त्याचा खांदा लागला की ती शेजारणीवर आपटे आणि सगळी भिंत वाजायला लागे. मग तो दोन्ही हात पसरून भिंतीला गप्प करी आणि पुढचं वाक्य बोले.

दाराजवळच्या स्टुलावर काकूंचे यजमान बसले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. प्रवासी त्यांना कप्तान म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या चिमुरड्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते नाव चालू ठेवलं होतं. काकूसुद्धा माघारी तेच म्हणत.

“चकचकीतच घे,” कप्तान स्टुलावरून म्हणाले. “बाकीच्या तीन तशाच आहेत.”

“तुम्ही बसा हो जरा.”

कप्तान बसून राहिले. हल्ली ते लगेच ऐकत, आणि काकूंना नेमकं तेच खुपत असे.

निवृत्तीच्या आनंदात कप्तानांनी घरच्या जुन्या गाडीला कुठल्याशा रस्त्याकडेच्या दुकानातून ह्या चमकणाऱ्या रिम्स बसवून आणल्या होत्या. म्हातारीला दागिने घातलेत, म्हणून काकू पोट धरून हसल्या होत्या. पुढे काही आठवड्यांतच एका सकाळी कप्तानांनी गाडीची किल्ली आणून शिलाई मशीनवर ठेवली. “आता तू शीक. माझा गुडघा ऐकत नाही,” एवढंच म्हणाले. शिकवलं मात्र फार मायेने. एकदाही आवाज चढवला नाही. काकू शिकल्या, आणि खोटं कशाला बोला, त्यांना गाडी चालवायला आवडायलाही लागलं. पण नुसत्या आवाजावरून रस्ता ओळखणारा हा माणूस शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखा बसतो, हे त्यांना बघवत नव्हतं. पूर्वी गाडी चालवताना ते शीळ घालत. ती शीळ घरातून गेली होती, आणि काकूंना ती परत हवी होती.

त्यातून तो गुडघा. जिना चढताना उजवा दुखे, बाजारात जायचं म्हटलं की डावा. डॉक्टरांनी दोन्ही ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा कप्तानांनी डॉक्टरच बदलायची भाषा केली होती.

काल नव्याने गुळगुळीत झालेल्या मोठ्या रस्त्यावर काकू पहिल्यांदाच, आणि एकट्याच, गाडी घेऊन गेल्या. येताना नेमक्या शेवटच्या वळणावर खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि रिम वाकडी झाली. उद्या तर लेकीकडे जायचं होतं. नात झाल्याला महिना होत आला होता, आणि आजीने शिवलेलं दुपटं अजून मागच्या सीटवरच होतं. त्याची एक कड तेवढी घालायची राहिली होती.

रिमवाल्याने भिंतीवरची एक चकचकीत रिम उतरवली आणि हबवर टेकवली. चारही भोकं चार बोल्टांवर अलगद गेली.

“बघा! जन्माची गाठ.”

काकूंनी वाकून पाहिलं. मग करंगळीचं नख रिमच्या मधल्या मोठ्या भोकात, हबच्या कडेला घातलं. नख सहज आत गेलं. त्यांनी रिम धरून हलवली. ती किंचित वर सरकली, मग खाली.

“बटणं बरोबर लागतात,” काकू म्हणाल्या, “पण गळा ढगळ आहे.”

“काय?”

“शर्टाची बटणं जुळली म्हणून शर्ट बसला असं होतं का? गळ्याच्या मापात फरक असला की शर्ट कधी ह्या खांद्यावर ओघळतो, कधी त्या. हे तसंच आहे. चाक मधोमध धरायला काहीच नाही. नुसत्या बटणांवर लोंबकळतंय.”

रिमवाला पोट सावरत खाली बसला. त्याने कप्तानांची वाकडी झालेली रिम ओढून घेतली, हबवर धरली, तीही तशीच हलवली. मग पाठीमागे वळून तो मोठ्याने हसला. ते हसू स्वतःवरच होतं.

“काकू, तुम्ही आल्याआल्या मी हे बघायला हवं होतं. सकाळपासून नुसती जीभ चालवतोय. ह्या रिम्सचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, पाच प्रकारच्या गाड्यांना चालावं म्हणून. मग त्या फटीत एक कडी बसवायची असते, आपल्या गाडीच्या मापाची. ती बसवली की चाक बरोबर मध्यावर येतं. ज्याने तुम्हाला ह्या विकल्या, त्याने कडी घातलीच नाही.”

“म्हणूनच काल थरथरत होतं,” काकू म्हणाल्या.

“खड्ड्यात वाकली ना, मग थरथरणारच.”

“खड्ड्याच्या कितीतरी आधी. काटा सत्तरच्या पुढे गेला आणि स्टिअरिंग हातात कापायला लागलं. मला वाटलं, मी नवशिकी, माझंच काहीतरी चुकत असेल.”

“तुला पण?”

कप्तान स्टुलावरून उठले होते. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निसटले आणि ते लगेच भिंतीवरच्या रिम्सकडे बघायला लागले, जणू बोललं ते दुसरंच कुणीतरी.

काकूंनी मान वर केली नाही. हातातली टेप त्या उगाचच गुंडाळत राहिल्या.

“मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं,” कप्तान रिमवाल्याला म्हणाले. “दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मशीनने काही दोष दाखवला नाही. चाकं एकदम ठीक आहेत म्हणाले.”

“मशीनवर ठीकच दिसणार, कप्तान. मशीन चाकाला ह्या मधल्या भोकात धरते, अगदी मध्यावर. गाडीवर ते केसभर बाजूला बसतं. हळू चालवलं तर कळायचंही नाही. वेग घेतला की स्टिअरिंग थडथडायला लागतं.”

“म्हणजे हात...”

“हात काय करतील? पैलवान बसवा त्या सीटवर. कुणाचेही हात हलतील.”

“कुणाचेही?”

“कुणाचेही!” रिमवाला म्हणाला, आणि तिरका होत चहा सांगायला बाहेर गेला.

काकू दुपटं मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या. त्यांचे सासरे घड्याळजी होते. साठीला आले आणि त्यांचे हात कापायला लागले. चिमट्यातला इवलासा स्क्रू सापडेना, तेव्हा एके दिवशी त्यांनी दुकानाची फळी ओढली ती कायमची. कप्तान त्या हातांकडे बघत बघत मोठे झालेले. घराण्याचं नाक माझ्याकडे आलंय, आता हातही येणार, असं ते कधी कधी गमतीने म्हणत. ती गंमत नव्हती, हे काकूंना आत्ता, रबराच्या वासाच्या ह्या दुकानात कळलं. मशीनने चाकांना निर्दोष ठरवलं, मग राहिलं काय? हात. आणि हातांबद्दल बायकोला सांगायचं कसं, म्हणून गुडघा.

आणखीही एक गोष्ट काकूंना आठवली. रात्रीची जेवणं झाली की कप्तान त्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या सुया ओवून ठेवत. सगळ्या रंगांच्या, ओळीने. तेही कधीतरी थांबलं होतं. विचारलं की म्हणत, चष्म्याचा नंबर बदललाय.

काकूंना आधी राग आला. इतकी वर्षं एका घरात काढली आणि हा माणूस एवढं एकट्याने पोटात ठेवून बसला. पण तो राग टिकेना. आतून आनंदच असा उसळत होता की त्यांना दुपट्यात तोंड खुपसून हसावंसं वाटत होतं. हात शाबूत होते! चाक खोटं होतं, हात खरे होते.

त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. कप्तान दाराकडे तोंड करून उभे होते. दोन्ही हात त्यांनी समोर सरळ धरले होते, तळवे खाली. बराच वेळ ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग हात खिशात घातले, पुन्हा काढले आणि पुन्हा बघितले.

काकूंनी पटकन मान खाली घातली आणि सुईचा दोरा दाताने तोडला. तो अजून चांगला वीतभर होता.

“दोरा संपला,” त्या म्हणाल्या.

कप्तान जवळ आले. 

“दे इकडे.”

चष्मा कपाळावरच होता. तो त्यांनी नाकावर घेतला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला. त्यांनी सुई परत दिली, आणि काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्याने रिमवाल्याला हाक मारली.

“अहो, त्या काळ्या दाखवा. साध्या. लोखंडी.”

“चकचकीतच घ्यायच्या होत्या ना?” काकू कड घालता घालता म्हणाल्या.

“म्हातारीला दागिने शोभत नाहीत.”

मग दुकानात धमाल उडाली. निवड करायची ती हबला विचारूनच करायची, असं कप्तानांनी जाहीर केलं. रिमवाला एकेक काळी रिम उतरवी, भिंत वाजे, कप्तान ती हबवर चढवून बघत. एक बसली, पण तिचा गळाही ढगळच. दुसरीची भोकंच जुळेनात. तिसरी गळ्याशी घट्ट होती, पण इतकी आत जाऊन बसली की टायर फिरताना आतल्या दांड्याला घासला असता. कप्तानांनी बोट घालून ते अंतर दाखवलं, तेव्हा रिमवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. चहा आला, निवला, कुणी प्यायलं नाही. शेवटी अगदी मागून, जुन्या टायरांच्या ढिगाखालून, रिमवाल्याने धूळ खात पडलेला चार रिम्सचा संच ओढून काढला. कुणीतरी हौसेने चकचकीत बसवून आपल्या अशाच गाडीच्या मूळच्या रिम्स इथे टाकून गेला होता.

कप्तानांनी धूळ पुसली आणि पहिली रिम हबवर लावली. जरा तिरकी धरली तर ती जाईना. सरळ धरून तळहाताने हलकेच ठोकली, तशी ती आत सरकली आणि ठप्पकन बसली. कप्तानांनी बोल्टांना एकही नट न लावता हात सोडून दिला. रिम जागची हलली नाही.

“बसली,” ते म्हणाले. “गळ्याला बसली.”

नट घट्ट करायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ह्या रिम्सचे नटही वेगळे लागतात, ते रिमवाल्याने शोधून दिले. चारही चाकांवर जुनेच टायर चढले. निघताना रिमवाला काकूंना म्हणाला, “काकू, दुकानात एक टेप टांगून ठेवतो आता.”

“टांगा. पण भिंत वाजेल.”

काकू सवयीने चालवायला बसल्या. कप्तान शेजारी. गावाबाहेर पडून मोठा रस्ता लागला. काकूंनी वेग वाढवला. कप्तान रस्त्याकडे बघतच नव्हते, ते काकूंच्या हातांकडे बघत होते. काटा सत्तरवर आला. सत्तरच्या पुढे गेला. स्टिअरिंग पाटावर ठेवलेल्या तांब्यासारखं गप्प होतं. खिडकीतून वारा येत होता, बस्स.

काकूंनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

“काय झालं?”

“गुडघा दुखतोय,” काकू म्हणाल्या.

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकू समोरच बघत होत्या.

“कुठला?”

“डावा.” काकूंनी जरा विचार केला. “किंवा उजवा. तुम्हीच चालवा आता.”

कप्तानांनी सीटचा पट्टा सोडला. दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालताना पुढच्या काळ्या चाकावर त्यांनी हात ठेवला, आणि येऊन स्टिअरिंगसमोर बसले. सीट मागे घेतली. आरसा आपल्या उंचीला लावला. गाडी निघाली, आणि पन्नास गाठेपर्यंत त्यांनी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. साठ. सत्तर. ऐंशी. बोटं एकेक करून सैल झाली. मग उजवा कोपर खिडकीत गेला, आणि काकूंनी श्वास रोखून धरला.

आधी नुसती हवाच आली. मग सूर लागला.

शीळ घालतच कप्तानांनी घराकडे जाणारं वळण मागे टाकलं. दोघांनीही ते पाहिलं.

“दुपटं?” काही वेळाने त्यांनी विचारलं.

“मागेच आहे. कड झाली घालून.”

“आणि आपले कपडे?”

“लेकीकडे मशीन आहे,” टेलरकाकू म्हणाल्या. “तुमचं माप मला पाठ आहे.”