मनकर्णाची नळी

"आज मनकर्णा लावायची आहे," फ्रिज उघडत राधाकृष्ण मला म्हणाले, आणि मोरीतला काचांचा आवाज थांबला.

भामाबाई त्याच आठवड्यात नगरच्या इस्पितळातल्या आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या-बश्या धुवायला लागली होती. फेसाने भरलेल्या हातांनीच ती दारात आली. कोणती मनकर्णा, तिनं विचारलं. राधाकृष्ण सहज सांगून गेले: दुष्काळात जामखेडकडून टायफॉइडची एक मुलगी आली होती, ती वाचली नाही, पण तिच्या रक्तातले जंतू आम्ही नळीत जिवंत ठेवले आहेत. जंतूंना रोग्याच्या नावानं ओळखायची आमच्याकडे रीतच होती.

"माझी हाय ती," भामाबाई म्हणाली.

राधाकृष्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पुढचं तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. खडी फोडायच्या कामावर असताना पोरीला ताप चढला. तिथल्या डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल दिल्या. त्या पोरीला गिळवेनात, म्हणून भामाबाईनं टोपणं उघडून आतली पूड गुळात कालवली. ती इतकी कडू, की पोर निम्मी थुंकायची. नगरला आणूनही मुलगी गेली, तेव्हा दिरानं चारचौघांत सांगितलं, आईनंच औषध नासवलं. सासरी परत जायचं तेव्हापासून राहूनच गेलं.

"खरं सांगा सायेब. मी नासवलं व्हय?"

राधाकृष्णांनी चष्मा पुन्हा चढवला. उद्या सकाळी दाखवतो, एवढंच म्हणाले.

गाळण कागदाच्या टिकल्या पाडून त्या औषधात भिजवायच्या, आणि जंतू पसरलेल्या बशीत ठेवायच्या, अशी आमची पद्धत. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं उमटतं. टिकल्यांची नवी खेप दोन जंतूंवर पडताळायची: एक त्या औषधानं मरणारा, दुसरा न मरणारा. दुसरा म्हणजे मनकर्णा.

सकाळी राधाकृष्णांनी दोन बंद बश्या तिच्यासमोर उजेडात धरल्या. पहिल्या बशीत टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. दुसऱ्या बशीत पांढुरकी साय थेट टिकलीच्या काठाला भिडली होती.

"हितं औषध घातलं न्हाई का?"

"दोन्हीकडं सारखंच घातलंय. हे जंतू त्याला मरतच नाहीत, भामाबाई. अख्खी कॅप्सूल गिळली असती, तरी पोर वाचली नसती."

तिनं हात पाठीमागे बांधले होते. वाकून तिनं ती साय जवळून बघितली.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं कुनी?"

रिपोर्ट तयार झाला तेव्हा खाट रिकामी होती, आणि रिकाम्या खाटेचा रिपोर्ट कुणी घरी पोचवत नसे. राधाकृष्णांनी बश्या खाली ठेवल्या. नळी आजच उकळून टाकतो, दुसरे जंतू कुठूनही मागवता येतील, असं ते हलक्या आवाजात म्हणाले.

"नगं. असू द्या तिला. नाव बी ऱ्हाऊ द्या."

जंतू जगवायचे तर अधूनमधून नव्या नळीत उतरवावे लागतात. मग जुनी नळी शेगडीवरच्या मोठ्या डब्यात वाफेनं शिजवतो. जंतू उतरवायच्या दिवशी भामाबाई आधीच येते. फ्रिजमधून जंतूंचं खाद्य भरलेली नवी कोरी नळी काढते, पदरात गुंडाळते आणि दोन्ही तळव्यांत धरून स्टुलावर बसते. गार हाय, म्हणते.

जंतू उतरवल्यावर इनक्युबेटरच्या उबदार पेटीत नळी आपोआप तापते. हे मी तिला सांगितलेलं नाही. राधाकृष्ण जंतू उचलायची तार तापवायचा दिवा पेटवून ठेवतात, आणि ती उठेपर्यंत थांबतात.