जेरच्या जागी जबर

कुरआन छापायच्या खोलीत शेठ स्वतः अनवाणी जायचे. कागदाचा कपटा खाली पडला तरी उचलून डोळ्यांना लावायचे. त्यामुळे प्रूफं वाचणाऱ्या आपांनी सातव्या फर्म्यातली, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांच्या सातव्या संचातली, चूक दाखवली, तेव्हा ते लगेच काम थांबवतील असं कामगारांना वाटलं.

एका अक्षराखाली जेर, म्हणजे इकाराची खूण, हवी होती. ती तिरकी रेघ वर बसली होती. जेरची जबर, इकाराचा अकार झाला आणि अर्थच फिरला. आपा पंधरा दिवस आजारी आईपाशी होत्या, त्याच काळात ते प्रूफ पुढं गेलं होतं.

शेठनी प्रूफाखालची सही दाखवली. ती मौलानांची होती.

"चाळीस वर्षं कुरआन शिकवताहेत ते. तुम्हीही त्यांच्याच हाताखाली शिकलात. आता त्यांच्याच चुका काढणार? आलिमांचा, धर्म जाणणाऱ्यांचा मान राखायचा की नाही?"

"राखायचाय, म्हणूनच हे गठ्ठे जाऊ देणार नाही."

गठ्ठे बाहेर सोडायचा शिक्का आपांकडे असायचा. त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

"शिक्का ठेवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"मौलानांच्या हातात देईन," आपा म्हणाल्या आणि पान घेऊन निघाल्या.

मौलाना खिडकीपाशी उन्हात बसले होते. त्यांच्या सुनेनं आपांना आत नेलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आपा विसरल्या. ज्यांनी पहिलं अक्षर गिरवून घेतलं, त्यांना चुकलात कसं म्हणायचं? शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "एक पान वाचून दाखवू?"

"वाच, बेटा."

छापलं होतं तसं त्या वाचत गेल्या. त्या शब्दाशी येताच मौलानांनी शेजारच्या लाकडी पेटीवर बोट आपटलं.

"चुकलीस."

"मी नाही, मौलाना. पानावर असंच आहे."

मौलाना म्हणाले, "वर्ष झालं, मला अक्षरं दिसत नाहीत. लाजेनं घरातही बोललो नाही. शेठच्या माणसानं बोट ठेवलं, तिथं सही केली."

"मी शेठना सांगते, ही चूक माझ्या हातून राहिली म्हणून," आपा म्हणाल्या.

"खोटं बोलून माझी अब्रू झाकणार? हेच शिकवलं का मी तुला? चप्पल दे माझी."

छापखान्यात दोघं शिरले तेव्हा मशीन चालूच होतं. मौलाना त्या आवाजातही ऐकू जाईल असं बोलले, "मला दिसत नाही. माझी सही रद्द समजा."

शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "चारचौघांत कशाला, मौलाना? तुमच्या नावाला बट्टा लागेल."

"लागू दे. माझं नाव राखायला अल्लाहच्या कलामातली रेघ चुकीच्या जागी राहणार नाही. आणि ही पोर माझा अपमान करत नाहीये. मी शिकवलेलं विसरली नाही, इतकंच."

मशीनवाल्यानं शेठकडे पाहिलं. मग त्यांच्या हुकमाची वाट न पाहता त्यानं आपणहूनच बटण दाबून मशीन थांबवलं.

सातवा फर्मा नव्यानं छापला गेला, मगच आपांनी गठ्ठ्यांवर शिक्का मारला. चुकलेली पानं पांढऱ्या कापडात गुंडाळून, जिथं कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरली. आपांचं काम गेलं नाही. त्यांना काढलं तर मशीनवालाही जाईल, हे शेठ ओळखून होते. पण महिनाभर ते आपांशी बोलले नाहीत. आपाही समजूत काढायला गेल्या नाहीत.