तीनशे बारा रानं आणि एकही शून्य नाही

माणसाला परदेशातलं पदक मिळालं की त्याच्या ओळखीचे लोक एकदम वाढतात. पद्माबाईंना संख्याशास्त्रातलं मोठं पदक जाहीर झालं, आणि ज्या सोसायटीत पाणी येणार नसलं तरी त्यांना कुणी सांगत नसे, तिथल्या सेक्रेटरीने गेटवर हा भला थोरला फ्लेक्स लावला. फोटो जुना, केस काळेभोर. खाली ‘बारामतीची शान’. बाई तीन दिवस मागच्या गेटने ये-जा करत होत्या.

पदक होतं एका लेखाला. चोवीस वर्षांपूर्वीचा, बावीस पानांचा लेख, आणि त्यावर नावं दोन, पद्मा आणि रघुनाथ. दोघं आधी वर्गमित्र, मग नवरा-बायको, मग बारामतीच्या एकाच कॉलेजात एकाच विषयाचे मास्तर. लेखाचा विषय साधा होता. गावातलं सगळं पीक कापून तोलणं तर कुणाच्या बापाला जमणार नाही. मग आठ रानांतले आठ तुकडे कापून अख्ख्या गावात किती पिकलं, हे खात्रीने कसं सांगायचं? बाईंनी रानोमाळ हिंडून आकडे आणले, रघुनाथने घरी बसून गणित मांडलं. ती रीत जगभर दोघांच्या जोडनावाने ओळखली जाऊ लागली.

रघुनाथला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा अद्वय कॅनडात. घरात आवाज करणारा काय तो कुकर, तोही तीन शिट्ट्यांवर गप्प. पण कुठल्याशा देशातला कुणी पोरगा नवा लेख लिही, त्यात ती दोन नावं शेजारी शेजारी छापून येत, आणि बाईंना वाटे, चला, आमचा संसार अजून चालू आहे. खोटं कशाला बोला, पदकापेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप होतं.

तर अशात शेळगावहून संभाजीरावांचा फोन आला. “ताई, गावात सत्कार ठेवलाय. तुमी न्हाय म्हणायचं न्हाय.”

संभाजीराव म्हणजे त्या कामातला बाईंचा उजवा हात. रब्बीच्या ज्वारीचं काम. मोरगावापासून कळंबपर्यंत एकोणचाळीस गावं, गावागणिक आठ रानं. प्रत्येक रानात तुकडा कुठला कापायचा, हे माणसाने ठरवायचं नाही. माणूस लबाड असतो, त्याची नजर चांगल्या पिकाकडेच जाते. म्हणून बाई बांधावर झाडाखाली बसून छापील तक्त्यातले दोन आकडे वाचायच्या. इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला. संभाजीराव कोपऱ्यापासून पावलं टाकत ज्वारीत शिरायचे, जिथे पावलं संपतील तिथे खुंट्या ठोकून दोरी ताणायचे, आणि त्यांची कारभारीण कुशाबाई विळा घेऊन मागून जायची. ज्वारी डोक्याच्या वर. एकदा माणूस आत शिरला की दिसायचा नाही, नुसती ताटं हलायची. मग कणसांचं पोतं बाहेर यायचं, मळणी व्हायची, आणि बाई वजन वहीत उतरवायच्या.

सत्कार झाला. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. सरपंचांनी संख्याशास्त्राला तीनदा ‘संगणकशास्त्र’ म्हटलं, पण मनापासून म्हटलं. बाईही शाळेच्या पोरांसमोर चार शब्द बोलल्या. आमच्या लेखाचा पाया काय, तर या कोरडवाहू भागात तीनशे बारा रानं तपासली आणि एकही रान शून्याचं निघालं नाही. थोडं का होईना, इथे सगळीकडे पिकतं. त्यावरच तर सगळं गणित उभं राहिलं. टाळ्या पडल्या.

मग संभाजीरावांच्या घरी चहा. रघुनाथ असताना कुशाबाई बाईंची ओटी भरल्याशिवाय सोडत नसे. आता तिने करंडा फळीवर मागे सारून ठेवला होता आणि शेंगांची पिशवी नुसती हातात दिली. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि चहाची बशी उचलली.

“ताई,” कुशाबाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, “तुमी पोरांना सांगितलं ना, एक बी रान मोकळं न्हाय निघालं म्हणून? मला लई हसू आलं बगा.”

“का हो वहिनी?”

“अवो, आमी निघू दिलं तर निघंल ना!”

“ए, गप की,” संभाजीराव म्हणाले.

“आता काय गप! चोवीस वर्सं झाली, पदक बी मिळालं.” कुशाबाई रंगात आली. “पयल्याच दिशी, हितंच आमच्या रानात. तुमी लिंबाखाली बसून आकडं सांगितलं, ह्यांनी पावलं टाकली, आन् थांबले कुठं, तर त्या चोपणात! तितं कुसळ बी उगवत न्हाय. हे आपले लागले खुंट्या ठोकायला. म्या म्हणलं, अवो, लाज हाय का काय? लेकीसारखी बाई एवढ्या उन्हाची एसटीनं आली. तिच्या पोत्यात माती घालून धाडता व्हय? सरका चार पावलं म्होरं!”

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. “आणि सरकलात?”

“मग सवयच पडली,” संभाजीराव ओशाळं हसले. “जितं खडक न्हायतर चोपण आलं, तितं म्या सरकायचो. रानाचा मालक बी म्हणायचा, पावण्याला आमच्या रानाचं टक्कल कशापायी दावायचं? आमी काटा मारला न्हाय, वजनात फसवलं न्हाय. जितं पीक हुतं तितलं कापलं, एवढंच. लेकीबाळीला रिकाम्या हातानं कसं धाडावं, ताई?”

आता यांच्यावर रागवायचं तरी कसं? दोघांचे चेहरे देव्हाऱ्यापुढे उभं राहिल्यासारखे निर्मळ. बाईंनी एवढंच विचारलं, “किती ठिकाणी, आठवतं का?”

“आठवतंय म्हंजे? रान कुनी इसरतं का?”

पुढच्या सोमवारी बाई माळ्यावरची जुनी वही घेऊन पुन्हा शेळगावला गेल्या. ओसरीवर सतरंजी टाकून दोघं बसली. बाई रानाच्या मालकाचं नाव वाचायच्या, संभाजीराव डोळे मिटायचे. “हितं बरोबर हाय. हितं बी. हितं सरकलो, वढ्याकडंला खडक हुता. म्होरं वाचा.” आधी ते झोकात सांगत होते. बाई प्रत्येक वेळी लाल पेनाने शून्य काढत होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून बघून संभाजीरावांचा आवाज उतरत गेला. दुपार कलताना मोजदाद झाली. एकेचाळीस.

“काय वंगाळ झालं का, ताई?” कुशाबाईने दारातूनच विचारलं.

खोटं बोलायची सवय नव्हती, ती आत्ता कुठून आणायची? बाई म्हणाल्या, “वहिनी, लांबलांबच्या देशांत आता या रीतीने ठरवतात, की अमक्या गावाला पीक आलं का बुडालं. पण ज्याच्या रानात काहीच आलं नाही, असा माणूस माझ्या गणितात नाहीच. तो असतो, हेच माझ्या गणिताला माहीत नाही.”

कुशाबाई ओसरीवर येऊन बसली. “म्हंजे ज्याचं समदं गेलं, त्यालाच आमी मोजू दिलं न्हाय?”

संभाजीराव हळूच म्हणाले, “पर हे आपल्या तिघांबिगर कुनाला ठावं हाय?”

“मला कळलं ना,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी अद्वयला फोन लावला. पोरगा शांतपणे ऐकून घेणारा, बापावर गेलेला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, “आई, लेख मागे घेतलास तर पदक जाईल, ते एक वेळ जाऊ दे. पण त्यावर बाबांचंही नाव आहे. तू निदान खुलासा करू शकतेस. बाबा आता काय बोलणार? लोक म्हणतील, नवरा-बायकोंनी मिळून आकडे रचले. राहू दे गं. जगात दुसऱ्या रीती येतीलच.”

त्याचं चुकत होतं असं नाही. दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. विचारायला घरात कोण होतं? नियतकालिकाच्या संपादकाचा नंबर होता, पदक देणाऱ्यांचा होता, फ्लेक्सवाल्या सेक्रेटरीचासुद्धा होता. ज्याला विचारायचं त्याचा नव्हता. तीस वर्षं त्यांनी पोरांना दटावून सांगितलं होतं, शून्य हाही आकडाच आहे, गाळाल तर नापास करीन. दुसऱ्याला सांगायला सोपं असतं हो. स्वतःवर आली की कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या संगणकापुढे बसल्या. लेख मागे घेण्याचा अर्ज चांगला चार पानी होता. कारण लिहिलं. एकेचाळीस रानांची यादी जोडली. संभाजीराव-कुशाबाईंचं नाव कुठे घातलं नाही. देखरेख माझी होती, मी झाडाखालून उठले नाही, असं लिहिलं. शेवटच्या पानावर रकाना आला, या चुकीत सहलेखकाचा वाटा काय?

तिथे बाई थांबल्या.

कारण त्यांना एक गोष्ट आठवत होती, आणि इतके दिवस त्या ती आठवायचं टाळत होत्या. आकडे मांडून झाले होते तेव्हा रघुनाथने एकदा वहीवरून मान वर केली होती. “पद्मा, तीनशे बारा रानं आणि एकही शून्य नाही? जरा एकदा जाऊन बघायचं का?” बाई तेव्हा नुकत्याच उन्हातून आल्या होत्या, पायांना फोड, अंगाला कुसं. त्या उसळल्या. “तू कधी रानात पाय ठेवलायस का? मी काय तिथे झोपा काढत होते? विश्वास नसेल तर काढून टाक तुझं नाव!” आठ दिवस अबोला धरला होता त्यांनी. नवव्या दिवशी रघुनाथने स्वतःच चहा करून आणला, आणि तो विषय पुन्हा म्हणून काढला नाही. जाईपर्यंत नाही.

बाईंनी लिहायला घेतलं. सहलेखक हयात नाहीत. त्यांचं गणित निर्दोष आहे. एकही शून्य नाही याबद्दल त्यांनी तेव्हाच शंका घेतली होती, आणि त्यांचं बरोबर होतं. मी रागावले, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चूक माझी एकटीची आहे.

मग त्या ढसाढसा रडल्या. ‘तुझं बरोबर होतं’ हे तीन शब्द रघुनाथला जन्मात कधी म्हटले नव्हते. आता ते कुठल्याशा संपादकाला, इंग्रजीत, अर्जातून कळवावे लागले.