भोरची अर्धवट फियाट

मित्रांनो, मी एक जुनी फियाट मोटार आहे. हे सांगताना थोडी अडखळते, कारण कित्येक वर्षं मी सगळीच्या सगळी एका जागी नव्हतेच. माझं धड विटांच्या चार चळतींवर होतं. इंजिन गोणपाटाखाली होतं, दिवे ट्रंकेत होते आणि नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. भोरला मौलालीभाईंच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात माझा हा संसार मांडलेला होता.

माझा जन्म १९६८ साली मुंबईच्या कारखान्यात झाला. तांदळाचे व्यापारी रखमाजीशेठ मला भोरला घेऊन आले. तेव्हा माझा रंग फिकट निळा होता आणि बंपरात तोंड दिसे. पंचवीस वर्षं मी नसरापूर, किकवी, पुणे अशी धावले. लग्नसराईत मला उसंत नसे. ज्याला नवरी आणायची असे तो शेठजींकडे मला मागायला येई. एसटी स्टँडजवळ मौलालीभाईंचं गॅरेज होतं. माझं दुखणंखुपणं तेच बघत. पुढे शेठजी गेले, घरात नव्या गाड्या आल्या आणि मला परसात चिंचेखाली उभं केलं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणीतरी बसतंय, एवढंच बरं वाटायचं.

एके दिवशी मला भंगारात घालायचं ठरलं. मौलालीभाईंच्या कानावर ते गेलं आणि ते ट्रॅक्टर घेऊनच आले. मला ओढत घरी आणलं तेव्हा त्यांच्या पत्नी कुलसुमबी दारात उभ्या होत्या.

"ह्ये काय आणलं?"

"फियाट."

"कुठं हाय फियाट? मला तर निस्ता पत्रा दिसतोय."

"जरा दम धर. दोन सालांत पळती बघ."

दोनाची अकरा वर्षं झाली. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते माझ्याकडे येत. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी दोन दरवाजे, एक जादा गिअरबॉक्स आणि पुढची काच शोधून आणली. ते एकेक भाग खोलत, रॉकेलने धूत आणि कुलसुमबी चिठ्ठी लिहून डब्यावर चिकटवत: 'डावा दरवाजा, वरची बिजागरी'. "सातवीपर्यंत शिकले ती ह्याच्यासाठीच," असं म्हणत. पण अक्षर मात्र घोटून काढत.

मग मौलालीभाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गॅरेज बंद झालं. मला मात्र त्यांनी सोडलं नाही. बोटांनी चाचपत ते काम करत राहिले. एका दुपारी पत्र्याची कड त्यांच्या तळहातात घुसली आणि सात टाके पडले.

त्यानंतर चार दिवसांनी कुलसुमबी एकट्याच शेडमध्ये आल्या. पुढच्या कामासाठी टेबलावर काढून ठेवलेला कार्बोरेटरचा डबा त्यांनी पदराखाली घेतला आणि त्या निघून गेल्या. मी सगळं पाहिलं. पण मित्रांनो, मोटारीला तोंड नसतं, हॉर्न असतो. आणि माझा हॉर्नसुद्धा तेव्हा कुठल्यातरी डब्यात होता.

मौलालीभाई आठ दिवस तो डबा शोधत होते. फळीवरचा एकेक डबा उचलून कानाशी हलवत, आत बोटं घालत. "असंल कुठंतरी, जाऊ द्या की," एवढंच कुलसुमबी म्हणत. नवव्या दिवशी ते माझ्या सीटवर बसले आणि त्यांनी मुलीला, अम्रीनला, हाक मारली.

"नजर गेली ती गेली, पोरी. आता डोस्कं बी चाललं. ठिवलेला डबा ज्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, त्यानं गाडी खोलून बसू नये. इकून टाकू."

घरात असलेल्या कुलसुमबींना त्यातलं 'इकून टाकू' एवढंच ऐकू आलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अम्रीनने मोबाईलवर जाहिरात लिहायला घेतली. मौलालीभाई सांगत गेले: फियाट मोटार, काम अर्धवट, इंजिन खोललेलं, चालकाच्या पायाखालचा पत्रा कुजलेला, सगळे स्पेअर सोबत, तुकड्याने मिळणार नाही.

"अब्बा, असलं वाचून कोण येणार?"

"ज्याला खरंच पायजे, त्योच येईल."

पहिले आले गोरखराव. हायवेला किकवीजवळ त्यांचं हॉटेल होतं. माणूस गोड बोलणारा. "चाचा, रंग मारून दाराशी चौथऱ्यावर ठिवतो. वर लाइटिंग करतो. लोकं फोटो काढतील. इंजिन मला नको, आन् ह्या डब्यांचं तर काय करू? भंगारात घाला."

सांगितलेली किंमत द्यायला ते तयार होते. "दिऊन टाका," कुलसुमबी म्हणाल्या. मौलालीभाईंनी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवरून धनश्री आली. ती दुधाची पिकअप चालवायची आणि वाडीवस्तीवरच्या गाड्याही दुरुस्त करायची. सोबत तिचे वडील हैबती होते. त्यांचा जन्म गुराढोरांत गेलेला. बाजारात म्हैस बघावी तशी त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली आणि पाठीवर थाप दिली.

"हिला दूध न्हाई, लोकर न्हाई. काय करणार हिचं?"

"आबा, लोकांच्या गाड्या म्या चालू करून देते," धनश्री म्हणाली. "पयल्यापासून शेवटपर्यंत पुरी अशी एकबी केली न्हाई. एक करायची हाय." मग ती मौलालीभाईंकडे वळली. "चाचा, आधी खराब काय त्ये सांगा."

मौलालीभाईंचा चेहरा खुलला. त्यांनी तिचा हात धरून माझ्या अंगावरून फिरवला. इथं गंज आहे, इथला बोल्ट झिजलाय. "आन् ही जोड म्या मारली, वाकडी हाय. मला दिसत नव्हतं. काप आन् नव्यानं लाव."

"मजबूत हाय की, चाचा."

"व्हय, पर वाकडी हाय. काप." मग ते थांबले. "आजून एक. कार्बोरेटर न्हाई. म्या हरवला. कुठं ठिवला, काय केला, काय बी आठवत न्हाई. डोळ्यावानी डोस्कं बी गेलंय माझं. तवा माझ्या सांगण्यावर जाऊ नगंस, समदं तपासून घे."

चहा घेऊन आलेल्या कुलसुमबी उंबऱ्यातच थबकल्या. चहाचा ट्रे त्यांनी तिथंच खाली ठेवला, आत गेल्या आणि पिठाच्या पिंपामागून डबा घेऊन आल्या. तो त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

"तुमी न्हाई हरवला. म्या लपवला. हात कापून घेतला तुमी, मला बघवंना. पर तुमी असं सोताला... मला ठावं नव्हतं."

मौलालीभाईंनी झाकण उघडलं, आत बोटं फिरवली. मला वाटलं, आता ते रागावणार.

"म्हंजी म्या टेबलावरच ठिवला व्हता?"

"टेबलावरच. उजव्या कोपऱ्यात."

"तेच म्हंतो मी! उजवा कोपरा!" आणि ते हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "अम्रीन, ऐकलंस का? डोस्कं शाबूत हाय माझं!" कुलसुमबी त्यांचा टाक्यांचा हात धरून रडत होत्या.

गोरखरावांपेक्षा कमी किमतीत मी धनश्रीला दिली गेले. टेम्पोत चढवताना माझा एकही डबा मागे राहिला नाही.

आता मी डोंगरातल्या गोठ्याशेजारी असते. अडलं की धनश्री फोन लावते आणि मौलालीभाई पलीकडून सांगतात. गेल्या रविवारी दोघं नवराबायको एसटीने आली. धनश्रीने किल्ली फिरवली. मी खोकले, बंद पडले, पुन्हा खोकले आणि सुरू झाले! बावचळलेल्या मेंढ्या आवारभर पळाल्या. मौलालीभाई बॉनेटवर दोन्ही तळहात टेकून उभे होते. कुणी न सांगता कुलसुमबी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला की, फाट्यापातूर तरी," त्या म्हणाल्या.

आम्ही फाट्यापर्यंत गेलो आणि परतही आलो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, ऊन-पावसापासून जपा. आणि एखादं काम आपल्या हातून पुरं होत नसेल, तर ते पुरं करणाऱ्याच्या हाती वेळेवर द्या. देताना त्यातलं वाकडंतिकडंही सांगा. घरातलं माणूस थकलं असेल, तर त्याच्याशी काही लपवू नका, बोला. कधी वेल्ह्याकडे आलात तर मला जरूर भेटा. फक्त डाव्या दाराला हात लावू नका. कालच निळा रंग दिलाय, अजून ओला आहे.