सातवा मजला, आठवा मजला आणि मधली मी

मी चटई बोलतेय. पाहुण्यांसाठी पसरतात ती नव्हे. लहान पोरांच्या पायाखाली घालतात ती. चार बोटं जाड, आत फोम, वर राखाडी रेक्झिन. कोरियातल्या इंचॉन शहरात, एका पंधरा मजली इमारतीत, आठव्या मजल्यावरच्या तीन नंबरच्या घरात मी होते. माझ्या अंगावर सुऱ्याचे तीन वार आहेत. ते कसे झाले एवढंच मला सांगायचं आहे.

कारखान्यात माझ्यावर एक लोखंडी गोळा टाकून पाहिला होता. आवाज मोजणाऱ्या माणसाने मान हलवली आणि माझ्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवली. गोळा एकदाच पडला. बोमी दिवसातून हजार वेळा पडायची.

बोमी तेव्हा अडीच वर्षांची होती. बाप ग्युसिक बस चालवायचा, आई मिरान घरी शिवणकाम करायची. ग्युसिकचा धाकटा भाऊ हानसोल त्यांच्याकडेच राहायचा. आईबाप गेल्यावर ग्युसिकनेच त्याला वाढवलं. शाळा अर्ध्यात सोडलेला, मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवणारा, डोक्याने गरम. मला त्यानेच आणलं. खांद्यावरून उतरवून जमिनीवर पसरलं आणि म्हणाला, "वहिनी, आता पळू दे हिला घोड्यासारखी."

आमच्या इमारतीत माणसांना नावं नसतात, घराचे नंबर असतात. आम्ही आठशे तीन. आमच्या खाली सातशे तीन. त्यांचं आडनाव बे होतं हे आम्हाला पुढे कोर्टात कळलं. साठीचा एकटा माणूस, कायम इस्त्रीचा शर्ट. राहायला आल्यावर मिरानने रीतीप्रमाणे त्यांना तांदळाचे वाफवलेले केक नेऊन दिले होते. आठवड्याने त्यांच्याकडूनही एक पिशवी आली. आत घरात घालायच्या, जाड तळव्याच्या सपातांचे चार जोड. सगळ्यात लहान जोडावर बदकं होती.

"किती चांगले आहेत हो," मिरान म्हणाली.

ग्युसिक सपाता उलट्या करून तळवे बघत राहिला.

"वहिनी, ही भेट नाही," हानसोल म्हणाला. "नोटीस आहे."

त्यानंतर खालून रबरी हातोडा सुरू झाला. सातशे तीन खुर्चीवर चढून छताला हातोडा मारायचे, आणि तो माझ्या पोटात बसायचा. बोमी पळाली की हातोडा. बोमीच्या हातून खेळणं निसटलं की हातोडा. कधी कधी बोमी घरात नसतानाही हातोडा. सातशे तीनना वाटायचं, आवाज वरून येतो म्हणजे वरच्याच घरातून येतो. सिमेंटच्या इमारतीत आवाज कुठूनही शिरतो आणि कुठूनही बाहेर पडतो. मला ते कळायचं, कारण तो माझ्या बाजूने निघून जायचा, माझ्यातून नाही.

मिरान त्या हातोड्याने पिचून गेली. एक दिवस बोमीने माझ्यावर तीन उड्या मारल्या. मिरानने भात वाढायची लाकडी पळी उचलली आणि तिच्या पोटऱ्यांवर ओढली. एकदा नाही, पाच-सहा वेळा. "किती वेळा सांगायचं, किती वेळा सांगायचं." मग तिलाच घेऊन माझ्यावर बसली आणि वळांना मलम लावत रडली. हानसोलने पळी तोडून कचऱ्यात टाकली. ग्युसिक रात्रपाळीहून आला, पळी शोधू लागला, मिरानने त्याला चमच्याने भात वाढला.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. दुपार. वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. कोबीचे गड्डे मीठ लावून ठेवले होते, मिरान लाल मसाला कालवत होती. लसूण तिने दुकानातून कुटलेलाच आणला होता. घरात कुटला तर आवाज होईल म्हणून. बोमी तिच्या मांडीला लागून, कोपरापर्यंत येणारे लाल हातमोजे घालून बसली होती.

आणि कुठेतरी कुटायला सुरुवात झाली. ठक. ठक. ठक. भिंतीतून.

खालून लगेच हातोडा. मग चौकीदाराचा फोन. "आठशे तीन, खालचे म्हणतायत मुलगी पळतेय."

"काका, मुलगी माझ्या मांडीला चिकटून बसली आहे."

"मला पटतंय हो. त्यांना काय सांगू? तुम्ही तेवढं खाली जाऊ नका. माझ्यामार्फतच बोला."

ठक ठक थांबेना, हातोडाही थांबेना. बोमीने दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले. ते हानसोलने पाहिलं. तो उठला, माझ्यावरून उतरून उघड्या जमिनीवर गेला आणि दोन्ही पायांनी उडी मारली. "पळणं ऐकायचंय ना? हे ऐक." दुसरी उडी. "हे ऐक." सात वेळा मारली. भांडी हलली.

ग्युसिकने त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू उद्या दुसरीकडे जाशील. पोरीला इथे वाढवायचंय मला."

"मग वाढव," हानसोल म्हणाला. "वाकून, हात जोडून वाढव."

ग्युसिक वळला. त्याने ताज्या किमचीचा डबा भरला, झाकण पुसलं, आणि माफी मागायला निघाला. मिरान म्हणाली, काकांनी नको सांगितलंय. तो म्हणाला, "किमची घेऊन आलेल्या माणसाला कोण काय करणार?"

थोड्या वेळाने जिन्यात काहीतरी पडलं. मग दाराची घंटी वाजली. गाल चोळत हानसोल उठला. मला वाटतं तो भावाला सॉरी म्हणणार होता. त्याचं तोंड तसं उघडलेलं होतं.

दारात सातशे तीन उभे होते. पांढऱ्या शर्टावर लाल. हानसोलला वाटलं किमचीचा रस. डबा फेकून मारला यांनी दादाला. मग सातशे तीन बूट न काढता आत आले. आमच्याकडे चोरसुद्धा बूट घालून आत यायला कचरेल. त्यांच्या हातात सुरा होता आणि ते बोमीकडे बघत होते.

"आज हिचे पाय बंद," ते शांतपणे म्हणाले.

मिरानने बोमीला बगलेत मारून न्हाणीघर गाठलं आणि कडी घातली. हानसोलने मला खेचून वर उचललं. पहिला वार माझ्या मधोमध आला, पार निघाला आणि त्याच्या छातीपाशी थांबला. दुसरा खांद्याच्या बाजूला. तिसरा खाली, तिरका. फोममध्ये सुरा अडकला आणि हानसोलने मला सगळ्या ताकदीनिशी पुढे लोटलं. तो माणूस भिंतीवर आदळला, मग जमिनीवर. हानसोल माझ्यासकट त्याच्यावर बसला. सुऱ्याचा हात धरला आणि आपटला. बोटं उघडली. सुरा पडला. तिथे थांबायला हवं होतं.

"आवाज येतोय?" हानसोल विचारायचा आणि हात आपटायचा. "आता येतोय?" मनगट मोडल्याचं मी ऐकलं. तरी तो आपटत राहिला. मग तोंडावर मारायला लागला. माझ्याखाली तो माणूस गुरगुरत होता, माझ्यावर हा. मी आजवर कोणाचाच आवाज पुरता अडवला नव्हता, तेव्हा कुठून अडवणार?

चौकीदार धापा टाकत आला. त्याने हानसोलला मागून धरलं. "सोड त्याला. सोड रे. तुझा दादा जिन्यात रक्तात पडलाय."

सहा मिनिटं झाली होती. इतका वेळ हानसोलला वाटत होतं की दादा खाली किमची गोळा करतोय. इस्पितळात डॉक्टर नर्सला म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले. हानसोलने ऐकलं.

अंत्यविधीला आमच्या वरच्या, नऊशे तीनच्या आजी आल्या. वाकलेल्या, हाताला अजून लसणाचा वास. हानसोलपुढे गुडघे टेकून म्हणाल्या, "बाळा, तो आवाज माझा होता. लसूण कुटत होते. मला वाटलं, तुमच्या घरी ऐकू आला तर तुम्ही काही म्हणणार नाही."

हानसोल उठला. बाहेर जाऊन त्याने भिंतीवर मूठ मारली. हाताची दोन हाडं मोडेपर्यंत मारली.

मला पोलिसांनी नेलं, अंगावर नंबर लावला. कोर्टात मला उघडून दाखवलं. सातशे तीन तिथेही म्हणाले, मुलगी पळत होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती खरंच ऐकू येत होती.

आता आम्ही मिरानच्या माहेरी आहोत, समुद्राकाठच्या बैठ्या घरात. ग्युसिकची राख मागच्या टेकडीवर एका पाइनच्या झाडाखाली पुरली आहे. खड्डा खणताना बोमी बघत होती. हानसोलने माझ्या तिन्ही जखमा चिकटपट्टीने बुजवल्या आणि मला अंगणाकडच्या खोलीत पसरलं.

बोमी पळत नाही. चवड्यांवर चालते. अंगणातही, वाळूतही. टाच टेकतच नाही. हानसोल रोज संध्याकाळी माझ्यावर उड्या मारून दाखवतो. मोडून वाकडा जुळलेला हात वर धरून, वेड्यासारखा.

"बघ, इथे खाली कोणी नाही. नुसती माती."

काल तिने तोंडावर बोट ठेवलं. "काका, हळू. मातीत बाबा झोपलेत."

हानसोल उभ्याचा बसला, मग माझ्यावर पालथा पडला. तो मारतो तसाच रडतो, थांबत नाही. त्याच्या गालाखाली मी होते.

मी वस्तू आहे, मला उठून तिच्यापर्यंत जाता येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं. बोमी, तुझा बाप बस चालवून दमून यायचा आणि माझ्यावर आडवा होऊन म्हणायचा, ये, माझ्या पाठीवर नाच. तू नाचायचीस आणि तो झोपून जायचा. तुझ्या टाचांखाली त्याला झोप लागायची, पोरी. टेकव त्या. जोरात टेकव.