‘जंगल’ या नोंदीचे शुद्धिपत्र

पणजा लाकूडतोड्या, आजा वनरक्षक, बाप वखारीत करवतीवर. तीन पिढ्या झाडांवर जगल्या. चौथीतली ही बाई मात्र शब्दकोशाच्या कार्यालयात मुद्रिते तपासत असे. तिच्या नजरेतून अनुस्वारही निसटत नाही, अशी ख्याती. त्या ख्यातीखाली काय पुरले होते, ते दोघांनाच ठाऊक होते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ‘जंगल’ची नोंद तिच्यापुढे आली. मूळ संस्कृत ‘जाङ्गल’. अर्थ, कोरडी, विरळ झाडीची जमीन. तिला हसू आले. आजोबांच्या रानात भरदुपारी कंदील लागे, आणि म्हणे कोरडी! छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या दादांनी घाई केली असणार. कुणालाही न विचारता तिने ‘कोरडी, विरळ’ खोडून ‘ओली, दाट’ लिहिले. घरच्या ज्ञानाचा ताठा, दुसरे काय!

कोश निघाला आणि विद्वानांत हसे झाले. चौकशीत तिची दातखीळ बसली; पाठीवर दोन बहिणी शिकत होत्या. दादा म्हणाले, “खिळे मीच चुकीचे लावले.” तिने खुणा केलेले मुद्रित त्यांनी आधीच फाडून टाकले होते. त्यांची जागा गेली.

एकतीस वर्षांनी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिने शुद्धिपत्र लिहून संपादकांपुढे ठेवले.

“अहो बाई, अर्थ दुरुस्त केलाय ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? पुढच्या आठवड्यात तुमचा निरोपसमारंभ आहे!”

“समारंभ ठेवा नाहीतर मोडा, साहेब. हे छापा.”

“लोक काय म्हणतील?”

“इतकी वर्षं दादांना म्हणत आले, तेच.”

शुद्धिपत्र छापले गेले, समारंभ मोडला. ते पान घेऊन ती दादांच्या घरी गेली. दादा खाटेवर टेकून बसले होते. दृष्टी गेलेली, जीभ शाबूत.

“या, ओली-दाट! आज वाट कशी चुकलात?”

“दादा, खरं काय ते छापून आणलंय.”

“गाडलेलं मढं उकरलंत होय?”

“साधं जंगल जुळवता आलं नाही, असं मामंजींना घरातसुद्धा ऐकावं लागलंय,” दादांची सून ओशाळून म्हणाली. तिने पान घेतले आणि पुटपुटत वाचू लागली. ‘जुळाऱ्यांनी नोंद अचूक जुळवली होती. चूक मुद्रितशोधिकेची...’

“पुटपुटू नकोस,” दादा म्हणाले. “नवऱ्याला बोलाव. आणि पहिल्यापासून वाच, मोठ्यानं.”

मुलगा येऊन दारात थांबला. वाचन संपेपर्यंत बाई उभी होती. बसा, असे दादाही म्हणाले नाहीत.