आडव्या रेघेमागचं नाव

आशाने पुन्हा तीच आज्ञा दिली आणि मशीनने पुन्हा तिला धुडकावलं. वारूळवाडीच्या क्लासातला हा जुना कॉम्प्युटर उद्या पारगावच्या शाळेत जायचा होता, त्याआधी सगळं पुसायचं होतं. पण एका फाइलीपायी बाकीचं काहीच पुसलं जाईना.

-goraksh.

फाइल तिच्या नवऱ्याची. दोघं या क्लासात शेजारी बसून शिकवायची. ती त्याला कायम 'अहो' म्हणायची. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे सासूने, सरुबाईने, लग्नातच बजावलेलं. गोरक्षला त्याची भारी गंमत. त्याने ही फाइल केली आणि म्हणाला, आता उघडायची तर माझं नाव घ्यावंच लागेल. आशाही हट्टी, तिने फाइलीला हात लावला नाही.

एवढं जपून काय झालं? उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि गोरक्षची मोटारसायकल थेट तिच्याखाली गेली. वर सरुबाईचं रोजचं टुमणं सुरू झालं, "तिकडं क्लासात नाव घेतलं असशील." नाही म्हणून म्हणून आशाची जीभ झिजली.

क्लासचे भगवंत सर मागे येऊन उभे राहिले. नावाआधीच्या आडव्या रेघेमुळे मशीन त्या नावालाच हुकूम समजतंय, ते म्हणाले.

"आधी टिंब आणि तिरकी रेघ दे. म्हणजे त्याला कळेल, हे नाव इथलंच आहे. आणि मग पूर्ण नाव लिही."

सर गेल्यावर तिने आधी फाइल उघडली. एकेक अक्षर दाबत पूर्ण नाव लिहिलं. आत इंग्रजी अक्षरांत एकच ओळ होती.

घेतलंस ना शेवटी!

ती हसली, आणि मग तिला रडू आवरेना. डोळे पुसून तिने ते नाव पुन्हा लिहिलं, या वेळी पुसायला. मशीन काही बोललं नाही. काम झालं की ते बोलत नाही.

घरी सरुबाई उंबऱ्यातच बसली होती. तिने रोजचंच विचारलं, "नाव घेतलं होतंस ना?"

"घेतलं, आत्या," आशा म्हणाली. "आज घेतलं. दोनदा."

सरुबाईने पदर तोंडाशी नेला आणि हळूच विचारलं,

"मग... ओ दिली का त्यानं?"

आशा तिच्याजवळ खाली बसली.

"दिली."